यादीत नसलेला चिखल

कर्णिक मॅडमच्या शोकसभेत आमच्या संचालकांनी त्यांचं वर्णन "शांत, मितभाषी आणि संस्थेशी एकरूप झालेल्या शास्त्रज्ञ" असं केलं, तेव्हा माझ्या तोंडून "काय?" असं जरा मोठ्यानेच गेलं. पुढच्या रांगेतल्या दोघांनी मागे वळून बघितलं. शांत? ज्या बाईचा आवाज तिसऱ्या मजल्यावरून खाली गेटवरच्या चहावाल्याला ऐकू जायचा आणि तो गिऱ्हाइकाला "आज वर कोणाची तरी बिनपाण्याने चालू आहे" असं सांगायचा, ती मितभाषी? आणि 'संस्थेशी एकरूप' ऐकल्यावर तर उठून जावंसं वाटलं. गेलो नाही. आयुष्यभर कारकुनी केलेल्या माणसाला सभेतून उठून जायची हिंमत होत नाही. शेवटपर्यंत बसलो, चहा घेतला, वेफर्स खाल्ले आणि घोडपदेवला घरी आलो. राग मात्र अजून उतरलेला नाही. मेलेल्या माणसाला असं धुऊन, इस्त्री करून फोटोत लावायचा अधिकार यांना कोणी दिला?

परळला एका जुन्या इमारतीच्या वरच्या दोन मजल्यांवर आमची मत्स्यसंशोधन संस्था. मी तिथे टंकलेखक म्हणून लागलो आणि कॉम्प्युटर आल्यावर त्याच खुर्चीत डेटा एन्ट्रीवाला झालो. मॅडम आधीपासून तिथे होत्या. गिरगावातलं जुनं घराणं, तीन पिढ्या कुठल्या ना कुठल्या हापिसात फायली सांभाळणारं. त्या घरातली ही मुलगी मासे चिरायला लागली याचं त्यांच्या काकांना मरेपर्यंत वाईट वाटत होतं, असं त्या मोठ्या आनंदाने सांगायच्या. उंची बेताची, अंग किरकोळ, सुती साडी चार बोटं वर खोचलेली, पायात रबरी सपाता. खांद्याला एक पिशवी, तिच्यात वही, पेन्सिल आणि मासा आडवा ठेवून मोजायची लाकडी पट्टी. पिशवीला वास यायचा. बसमध्ये शेजारचा माणूस नाक धरून उठला, तर त्या पिशवी त्याच्या जागेवर ठेवून मोकळ्या व्हायच्या.

त्यांचा एक प्रश्न ठरलेला होता. कोणीही, अगदी संचालकांनीही, माशांबद्दल काही विधान केलं की मॅडम चष्मा कपाळावर सरकवून विचारायच्या, "बघितलंत, की वाचलंत?" मला त्या अरे-तुरे करत, म्हणून मला "बघितलंस, की वाचलंस?" संस्थेतल्या बहुतेकांनी वाचलेलं असायचं. बघायला भल्या सकाळी धक्क्यावर जावं लागतं, चिखलात उतरावं लागतं, आणि मासेवाल्या बायकांच्या शिव्या खाव्या लागतात. मॅडमनी तिन्ही गोष्टी भरपूर केल्या होत्या.

दादरच्या मासळी बाजारात मी त्यांच्याबरोबर एकदाच गेलो. पुन्हा जायचं धाडस झालं नाही. एक सुस्थितीतल्या बाई तळहाताएवढ्या पापलेटांचा वाटा घेत होत्या. मॅडम त्यांच्या पिशवीत डोकावून म्हणाल्या, "अहो, ही पोरं आहेत. यांनी अजून एकदासुद्धा अंडी घातलेली नाहीत."

त्या बाई गांगरल्या. "पण छान तळली जातात हो."

"मग काय! पुढच्या वर्षी नुसतं तेल तळा."

विकणारी कोळीण कमरेवर हात ठेवून उभी राहिली. मला वाटलं, आता मासा फेकून मारते. पण ती मॅडमना ओळखत होती. "ही फूटपट्टीवाली आली का माजा धंदा बसला," असं पुटपुटत तिने पाटीवर ओला कपडा टाकला. मॅडमनी वर तिलाच विचारलं, "कुठली आहेत गं? कुठल्या बोटीची?" तिनेही मुकाट्याने सांगितलं. वहीत नोंद झाली.

एकदा मी त्यांना घरी जेवायला बोलावलं. आईने ढोमा माशाचं तिखलं केलं होतं आणि पाहुणीला मानाचं म्हणून डोकं वाढलं होतं. मॅडमनी ते डोकं मन लावून खाल्लं, मग बोटांनी कवटी उलगडली आणि आतून वाटाण्याएवढा पांढरा खडा काढला. तो पाण्याच्या भांड्यात खळबळून धुतला, उजेडाकडे धरला आणि आईला म्हणाल्या, "मावशी, हा माशाच्या कानातला खडा. झाडाच्या खोडासारखी याच्यात वर्तुळं असतात. हा तुमचा ढोमा तीनेक वर्षांचा असणार."

आईचा घास हातातच राहिला. "गो बाये," ती म्हणाली, "आता ह्यो मासो माझ्या घशाखाली कसो उतरतलो?" आई त्या दिवशी नुसत्या सोलकढीबरोबर भात जेवली. पुढे कित्येक दिवस ती ढोमा घेताना कोळणीला "लहान बघून नको देऊ" म्हणायची. एका जेवणात एवढं काम कुठल्या सरकारी पत्रकाने केलं असेल, मला शंका आहे.

संस्थेत मात्र त्यांचं असं काही चालत नव्हतं. संचालकांचा सगळा ओढा मत्स्यशेतीकडे. तलाव, पिंजरे, मत्स्यबीज, उद्घाटन. मॅडमचा मत्स्यशेतीला विरोध नव्हता, त्यांनी स्वतः जिताड्याच्या पिंजऱ्यांवर दोन वर्षं काम केलं होतं. पण कोणता मासा कुठल्या पाण्यात जगतो एवढं तरी बघाल की नाही? एकदा कुणी बडे पाहुणे आले. त्यांच्या हस्ते खाडीत मत्स्यबीज सोडायचा कार्यक्रम ठरला आणि संस्थेने कुठून तरी रोहूची बोटुकली मागवली, म्हणजे बोटाएवढी पिल्लं. रोहू हा गोड्या पाण्यातला मासा! हे शाळेतल्या पोराला कळतं. मॅडमना कार्यक्रमाचा पत्ताच नव्हता. कळलं तशा धावत पोचल्या, तोवर फोटोसाठी एक पिशवी खाडीत सोडून झाली होती आणि दुसरी पाहुण्यांच्या हातात होती.

"थांबा! खारं पाणी आहे हे!"

पाहुणे हसून म्हणाले, "मॅडम, पाणी ते पाणी."

मॅडमनी त्यांच्या हातातली पिशवी काढून घेतली. हिसकावून घेतली म्हटलं तरी चालेल. बाकीच्या पिशव्या जीपमध्ये टाकल्या, ती एक मांडीवर घेतली आणि ड्रायव्हरला म्हणाल्या, "परळ. हॉर्न वाजवायचा नाही, पोरं घाबरतात." इकडे भाषणं संपेपर्यंत पहिल्या पिशवीतली पिल्लं पांढरी पोटं वर करून धक्क्याला लागली होती. फोटोग्राफरने पाहुण्यांना जरा डावीकडे सरकवलं. दुसऱ्या दिवशी मॅडमना पाहुण्यांशी असभ्य वर्तन केल्याबद्दल मेमो आला. त्यांचं उत्तर मीच टाइप केलं. एकच ओळ होती, "पाहुण्यांना काही झालेलं नाही, मासे मेले आहेत."

आता ज्यासाठी लिहायला बसलो ते सांगतो.

शिवडीच्या मागे, गोदामांच्या पलीकडे, ओहोटीला मैलभर चिखल उघडा पडतो. रोहित पक्षी, म्हणजे फ्लेमिंगो, येतात तो हाच चिखल. पक्षी आले की कॅमेरे घेऊन अर्धी मुंबई तिथे लोटते आणि सगळ्यांच्या माना वर. खाली काय आहे हे बघायला तिथे नेमाने जाणाऱ्या एकट्या कर्णिक मॅडम. खाली निवट्या होत्या, डोक्यावर डोळे असलेला, परांवर सरपटणारा चिमुकला मासा. चिंबोऱ्या होत्या, शिंपल्या होत्या, दगडांना धरलेली कालवं होती. आणि ते सगळं हातांनी वेचणाऱ्या बायका होत्या. होडी नाही, जाळं नाही. ओहोटी लागली की कमरेला पाटी लावून गुडघाभर चिखलात उतरायचं, बिळात हात घालून निवट्या काढायच्या, आणि संध्याकाळी शिवडीच्या बाजारात विकायला बसायचं. त्यांची पुढारी हिराबाई. मॅडम एकदा चिखलात कमरेपर्यंत रुतल्या, तेव्हा हिनेच त्यांना फळी टाकून ओढून काढलं. त्या दिवसापासून दोघींचं चांगलं जमलं. मॅडमचे निवट्यांचे सगळे नमुने हिराबाईच्या पाटीतले.

चूक झाली ती आमच्या ऑफिसात. नोंदवह्या कॉम्प्युटरवर चढवायचं ठरलं, तेव्हा वरून एक प्रणाली आली. प्रत्येक नमुन्याला ठिकाणाचा संकेतांक घालायचा. ठिकाणांची यादीही वरूनच आली होती आणि तिच्यात धक्के होते, बंदरं होती, बाजार होते. चिखल नव्हता. यादी करणाऱ्यांच्या मते मासा बोटीतून उतरतो किंवा बाजारात मिळतो. रकाना रिकामा ठेवला तर पुढचं पान उघडेना. मी मॅडमच्या खोलीत गेलो. त्या सूक्ष्मदर्शकात डोळा घालून बसल्या होत्या.

"मॅडम, हिराबाईच्या नमुन्यांना ठिकाण काय घालू? चिखल यादीत नाही."

"जवळचं काय आहे?"

"शिवडी बाजार."

"घाल ते. मासा नीट लिही, लांबी नीट लिही." डोळा काही वर उचलला नाही.

मी घातलं. पुढे वर्षानुवर्षं घालत गेलो. मॅडम दर महिन्याच्या पानांवर सही करत गेल्या. आणि चढवून झालेल्या वह्या, पेन्सिलीने लिहिलेल्या, माशांच्या वासाच्या, "जागा अडते" म्हणून संचालकांच्या आदेशाने रद्दीत गेल्या. मॅडम तेव्हा कोकणात दौऱ्यावर होत्या. परत आल्यावर त्यांनी जो आवाज केला तो चहावाल्यालाच काय, परळ नाक्यापर्यंत ऐकू गेला असेल. पण गेलेल्या वह्या गेल्या.

मग त्या किनाऱ्याला कुठल्याशा नव्या जेट्टीचं काम आलं. चिखलाच्या कडेने भिंत, तिला एक गेट. पाहणी करणाऱ्या मंडळींचा अहवाल आला, त्यात लिहिलं होतं की या पट्ट्यात मासेमारी होत नाही. का? तर पाहणीत होड्या आढळल्या नाहीत, जाळी आढळली नाहीत. पाहणी केली कधी? भरतीला, लाँचमध्ये बसून! भरतीला त्या चिखलावर डोकंभर पाणी असतं, बायका घरी स्वयंपाक करत असतात. लाँचमधून त्यांना काय दिसणार, कप्पाळ? मासेमारी होत नाही म्हटल्यावर मासेमार नाहीत आणि मासेमार नाहीत म्हटल्यावर चिखलात उतरायला वाट ठेवायची गरज नाही, असा सरळ हिशोब होता. हिराबाई संस्थेत आली. तिसऱ्या मजल्यापर्यंत जिने चढून दमली होती.

"बाय, आमाला पैशे नको, काय नको," ती म्हणाली. "भिंत बांदा म्हनावं. खाली उतराची वाट तेवरी ठेवा. माजी आय त्याच वाटेन जायची."

मॅडम तिला म्हणाल्या, "माझ्याकडे तुझी सगळी नोंद आहे. तू काळजी करू नकोस." मी शेजारीच उभा होतो. मलाही तेव्हा तो संकेतांक आठवला नाही.

जनसुनावणी शिवडीतल्या एका शाळेच्या हॉलमध्ये झाली. व्यासपीठावर सुनावणीचे अधिकारी, बाजूला अहवाल करणाऱ्या कंपनीचा एक तरुण, नीटनेटका, बोलायला गोड. समोर तीसेक बायका, रोजचं काम बुडवून आलेल्या. मॅडम उठल्या, चष्मा कपाळावर गेला.

"या चिखलात मासेमारी होत नाही असं तुम्ही लिहिलंत. बघितलंत, की वाचलंत?"

तो तरुण जराही चिडला नाही. त्याने लॅपटॉप फिरवला. "वाचलं, मॅडम. तुमचंच वाचलं. तुमच्या संस्थेच्या नोंदीत निवट्यांचे सगळे नमुने शिवडी बाजारातले आहेत, चिखलातला एकही नाही. बाजारात मासा कुठूनही येऊ शकतो. खाली सही तुमची आहे."

मी त्यांच्या मागेच बसलो होतो. मॅडमनी माझ्याकडे बघितलं. मी मान खाली घातली. मला वाटलं, आता त्या माझं नाव घेणार, आणि ते बरोबरच होतं. त्या पुन्हा व्यासपीठाकडे वळल्या.

"नोंद चुकीची आहे," त्या म्हणाल्या. "चूक माझी आहे. ठिकाण विचारलं तेव्हा मी मान वर केली नाही. हे सगळे मासे त्या चिखलातले आहेत आणि ते पकडणाऱ्या बायका तुमच्या समोर बसल्यात. त्यांना विचारा."

अधिकाऱ्यांनी सौम्यपणे विचारलं, "मॅडम, एवढ्या वर्षांच्या नोंदी चुकीच्या आहेत असं आपण म्हणताय? मग बाकीच्या तरी कशा ग्राह्य धरायच्या?"

हा प्रश्न किती नीच होता, हे ज्याने आयुष्यभर एक काम इमानाने केलंय त्यालाच कळेल. मॅडमचं सगळं आयुष्य त्या नोंदींत होतं. त्या गप्प बसल्या असत्या तर नाव शाबूत राहिलं असतं.

"धरू नका," मॅडम म्हणाल्या. "सगळं फेकून द्या. पण उद्या ओहोटीला माझ्याबरोबर या आणि बघा."

कोणी आलं नाही. बायका एकेक करून उठल्या, बोलल्या, त्यांचं म्हणणं "नोंद घेतली" या दोन शब्दांत मावलं. मॅडमनी त्याच आठवड्यात दुरुस्तीचं पत्र लिहिलं, प्रत्येक नोंदीचा क्रमांक देऊन. मीच टाइप केलं, चार रात्री घरी बसून. संचालकांनी ते पुढे पाठवलंच नाही. "संस्थेच्या विश्वासार्हतेचा प्रश्न आहे," म्हणाले. चूक दुरुस्त केली की विश्वासार्हता जाते आणि दाबून ठेवली की राहते, हे शास्त्र कुठल्या पुस्तकात आहे ते मला एकदा दाखवा! तीन महिन्यांनी मॅडम निवृत्त झाल्या. निरोप समारंभ नको म्हणाल्या. शोकसभेत त्या 'एकरूप' होत्या म्हणणारे गृहस्थ हेच.

मी एकदा त्यांची माफी मागायला गिरगावात गेलो होतो. त्यांनी मला वाक्य पुरं करू दिलं नाही. "रकाना तू भरलास, सही मी केली," म्हणाल्या, "आणि भिंत कोण बांधतंय? त्यांच्यावर चीड, माझ्यापुढे रडू नकोस." मग पोहे दिले.

त्यानंतर वर्षभराने त्यांचा फोन आला. "सावंत, शनिवारी दुपारी चांगली ओहोटी आहे. येतोस शिवडीला?" मी गेलो. त्यांना मी शेवटचं पाहिलं ते त्या दिवशी. भिंत झाली होती, गेट बसलं होतं, आत पक्षी बघणाऱ्यांसाठी लाकडी कट्टा केला होता. भिंतीच्या सावलीला हिराबाई आणि आणखी तिघी पाट्या घेऊन बसल्या होत्या. सकाळपासून बसल्या होत्या म्हणे, कोणी तरी येईल आणि उघडेल या आशेवर. मॅडम खूप वाळल्या होत्या. हातात छत्री होती, तिचाच आधार घेत चालत होत्या. माझ्या गळ्यात दुर्बीण होती. आलोच आहे तर रोहित पक्षी बघू, म्हणून जावयाची मागून आणली होती.

गार्ड आम्हाला बघून उठून उभा राहिला. "आइए मॅडम, आइए साब. बर्ड देखने का है ना? आज एकदम पास में आए हैं." त्याने कुलूप काढलं आणि गेट उघडून धरलं.

मॅडम जागच्या हलल्या नाहीत. छत्रीने बायकांकडे दाखवलं. "और ये लोग?"

"इनको अलाऊ नहीं है, मॅडम."

"क्यूँ?"

"ये लोग तो मछली पकडती हैं."

मॅडमनी चष्मा कपाळावर सरकवला. "क्या बोला? फिर से बोलो."

"मछली पकडती हैं, मॅडम. रोज का है इनका," तो बिचारा समजावून सांगू लागला. "ऊपर से ऑर्डर है, मछली पकडनेवाले को अंदर नहीं छोडने का."

"लिखके दोगे?" मॅडमनी विचारलं. आवाज एकदम पूर्वीसारखा, तिसऱ्या मजल्यावरचा. "अहो, सगळं सरकार सांगतंय इथे कोणी मासे पकडत नाही. तुम्ही लिहून द्या ना!"

गार्डला काही कळलं नाही, तो घाबरून हसला. हिराबाई म्हणाली, "जा गं बाय, तुला सोरतील. पानी भरल परत."

"मी नाही जात," मॅडम म्हणाल्या, आणि भिंतीला हात टेकत हळूहळू खाली, तिच्या शेजारी धुळीत बसल्या. हिराबाईने आपली पाटी सरकवून त्यांना जागा केली. मग मॅडमनी मान वर करून मला शोधलं. मी भिंतीच्या बाहेर नव्हतो. गार्डने "आइए साब" म्हणत गेट उघडलं तेव्हाच मी आत पाऊल टाकलं होतं, नेहमीच्या सवयीने, कोणी दार उघडून धरलं की आपण जातो तसं. मॅडमनी मला हाक मारली नाही. गार्डने माझ्यामागे गेट लावून घेतलं.